‘मी भाकरी खाल्लो’ हे वाक्य कोणत्या विभागाचं?

वाचकांचे प्रश्न, अभ्यासकांची उत्तरं

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या महाविद्यालयांतून आणि विद्यापीठ विभागांतून आलेले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. भाषाविज्ञान जाणणारी माणसं आपल्याकडे चार-पाच विभागांत विखुरलेली आहेत. त्यांनी मिळून काम कसं करायचं, हा सगळ्यांचा धागा. प्रश्न आटोपशीर केले आहेत, नावं गाळली आहेत.

प्रश्न: आमच्या महाविद्यालयात मराठी, कन्नड, हिंदी आणि इंग्रजी असे चार भाषाविभाग आहेत. प्रत्येकात भाषाविज्ञान शिकलेलं कुणी ना कुणी आहे, स्वतंत्र विभाग मात्र नाही. एकत्र काम करायचं दर वर्षी ठरतं, एक चर्चासत्र होतं, फोटो निघतात आणि विषय तिथेच थांबतो. नेमकी सुरुवात कुठून करावी?
— मराठीच्या सहायक प्राध्यापिका, खानापूर तालुका

चर्चासत्रात प्रत्येक जण आपला निबंध घेऊन येतो, वाचतो आणि तोच घेऊन घरी जातो. दोन विभागांच्या हातात एकच वस्तू कधी येतच नाही, खरी अडचण ही आहे. म्हणून समिती, सामंजस्य करार, उद्घाटन हे सगळं बाजूला ठेवा आणि एका मिनिटाच्या बोलण्यापासून सुरू करा. तुमच्याच गावातल्या कुणाचं तरी, त्यांची संमती घेऊन केलेलं एका मिनिटाचं रेकॉर्डिंग आणि त्याचं एक पान लेखन. ते सगळ्या विभागांसमोर एकाच वेळी ठेवायचं.

त्यातून काय निघतं ते एका वाक्यावर दाखवतो. ‘मी भाकरी खाल्लो.’ बेळगाव-खानापुरात हे वाक्य कानाला खटकत नाही. मराठीचा शिक्षक म्हणेल, ‘मी भाकरी खाल्ली’ हवं. सकर्मक क्रियापद भूतकाळात कर्माप्रमाणे फिरतं, हा कर्मणी प्रयोग. कन्नडचा शिक्षक म्हणेल, आमच्याकडे ‘नानु रोट्टि तिंदे’. क्रियापद कर्त्यामागे जातं, रोट्टीशी त्याचं काही नातं नाही, तेव्हा हा माणूस कन्नड साच्यात मराठी शब्द ओततो आहे. हिंदीच्या शिक्षकाला तिसरीच गोष्ट दिसेल: ‘मैंने रोटी खाई’ यात ‘मैं’ला ‘ने’ लागतो, मराठीत ‘त्यानं’ला लागतो पण ‘मी’ आणि ‘तू’ला लागत नाही. म्हणजे ‘मी’ असलेल्या वाक्यात कर्ता दिसायला अगदी कर्तरीसारखाच आहे. घसरण व्हायची तर तिथून सुरू होणं साहजिक. इंग्रजी विभागातला भाषाविज्ञानाचा माणूस जगातल्या इतर भाषांत अशी व्यवस्था कुठून आणि कशी ढासळते ते सांगू शकेल. समाजशास्त्राचा शिक्षक विचारेल की हे कोण बोलतं, कुणाशी बोलतं. शिक्षणशास्त्राच्या शिक्षकाला सातवीच्या वहीतली लाल रेघ आठवेल, आणि संगणकवाल्याला कळेल की वर्तमानपत्री मराठीवर शिकवलेलं त्याचं यंत्र ‘खाल्लो’ला चूक का ठरवतं.

यातला कुणीही एकटा पुरा पडत नाही. कन्नडच्या शिक्षकाचं उत्तर पटकन पटतं, पण तिथेच थांबलं तर काम कच्चं राहतं. कारण प्रमाण मराठीतही ‘मी धडा शिकलो’, ‘मी पैसे विसरलो’, ‘मी चहा प्यालो’ ही वाक्यं बरोबरच आहेत. कर्म समोर असूनही क्रियापद कर्त्याप्रमाणे चालण्याचा रस्ता मराठीच्या घरातच होता. कन्नडच्या शेजारानं तो रुंद केला, की तो आपोआप रुंद झाला, हे मराठी आणि कन्नड दोन्ही येणाऱ्यांनी एकत्र बसल्याशिवाय ठरत नाही.

सांगलीजवळच्या कुपवाडात मराठी, कन्नड आणि उर्दू पिढ्यान्‌पिढ्या एका गावात नांदल्यावर काय होतं, याचा जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी केलेला अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध झाला. शब्द तीन भाषांचे वेगळे राहिले, वाक्यांची ठेवण मात्र इतकी जवळ आली की शब्दाला शब्द ठेवून भाषांतर करता यावं. भाषासंपर्काच्या अभ्यासात जगभर हे उदाहरण शिकवतात. ते गाव आपल्यापासून काही तासांवर आहे आणि तसं साहित्य आपल्या प्रत्येक बाजारपेठेत आहे, याची जाणीव आपल्या विभागांना असायला हवी, असं आम्हाला मनापासून वाटतं.

आता बैठकीबद्दल. पंधरा दिवसांतून एकदा, नव्वद मिनिटं, चार ते सहा माणसं. त्याहून जास्त झाली की भाषणं सुरू होतात. जागा शहरात घ्या. राणी चन्नम्मा विद्यापीठ भूतरामनहट्टीला, तांत्रिक विद्यापीठ मच्छेला. एक शहराच्या उत्तरेला, दुसरं खानापूर रस्त्यावर. दोघांपैकी एकाच्या दारात बैठक ठेवली की दुसऱ्या बाजूची माणसं तिसऱ्या वेळेपासून गळतात. पानावर बारा ते पंधरा ओळी असाव्यात आणि प्रत्येक ओळीला क्रमांक. प्रत्येक ओळीखाली तीन थर: जसं बोललं तसं, त्याखाली शब्दाला शब्द अर्थ आणि प्रत्यय सुटे करून, त्याखाली सरळ अर्थ. कन्नडच्या सगळ्याच शिक्षकांना देवनागरी सराईतपणे वाचता येत नाही आणि मराठीच्या शिक्षकांना कन्नड लिपी, तेव्हा पहिला थर आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीतही द्या. त्याचा एक जादा फायदा असा की ‘चमचा’तला च आणि ‘चार’मधला च देवनागरीत सारखेच दिसतात, ध्वनिलिपीत वेगळे दिसतात. सीमाभागात हा फरक कुठे टिकतो आणि कुठे पुसट होतो, ही स्वतंत्र पाहण्यासारखी गोष्ट आहे.

पहिली दहा मिनिटं कागद पालथा ठेवून फक्त ऐकायचं. मग प्रत्येकानं आपल्याला खटकलेल्या ओळींचे क्रमांक न बोलता लिहायचे. ज्या ओळीवर दोन विभागांचं जमत नाही, ती त्या दिवशीची चर्चा. कोण काय म्हणालं याची एक वही ठेवा, पाळीपाळीनं लिहा. पहिल्या सत्रात शोधनिबंधाचं नावही काढू नका. सहा-सात बैठकींनंतर त्या वहीतूनच दोन-तीन प्रश्न आपोआप वर येतात.

प्रश्न: आम्ही कन्नड आणि मराठी विभागांनी मिळून ‘मी केलो, मी खाल्लो’ या रचनेची पाहणी केली. चाळीस जणांना वाक्यं वाचून दाखवली, ‘तुम्ही असं बोलता का’ असं विचारलं. निकालात काहीच स्पष्ट दिसत नाही. काय चुकलं?
— कन्नडचे सहयोगी प्राध्यापक, निपाणी

तुमची यादी पाहिल्यावर तीन चुका दिसतात, आणि तिन्ही दुरुस्त होण्यासारख्या आहेत.

पहिली चूक क्रियापदांची. यादीत पिणे, शिकणे, विसरणे, समजणे, बोलणे ही क्रियापदं आहेत. ही प्रमाण मराठीतही कर्तरीच चालतात. ‘मी चहा प्यालो’ला पुण्याचा माणूसही होच म्हणेल, म्हणून त्या उत्तरातून काही कळत नाही. खाणे, करणे, बघणे, आणणे, विकणे, सांगणे, धुणे ही घ्या.

दुसरी चूक अधिक सूक्ष्म आहे आणि ती जवळजवळ सगळ्यांकडून होते. तुमच्या यादीत ‘मी आंबे खाल्ले’ हे वाक्य आहे. पुरुषानं म्हटलं तर प्रश्न नाही. तो ‘खाल्लो’ म्हणतो की ‘खाल्ले’ हे लगेच ऐकू येतं. पण बाईनं ‘मी आंबे खाल्ले’ म्हटलं तर? ‘आंबे’प्रमाणे ‘खाल्ले’ असेल, किंवा ‘मी गेले’सारखं तिच्या स्वतःप्रमाणे ‘खाल्ले’ असेल. रूप एकच, ओळखायला मार्ग नाही. तुमच्या पाहणीतल्या निम्म्या व्यक्ती बायका असतील तर त्या वाक्याची निम्मी उत्तरं निकामी. बायकांसाठी कर्म एकवचनी स्त्रीलिंगी किंवा पुल्लिंगी ठेवा: ‘भाकरी खाल्ली’ की ‘भाकरी खाल्ले’, ‘आंबा खाल्ला’ की ‘आंबा खाल्ले’. याहून सोपा उपाय म्हणजे ‘आम्ही’. ‘आम्ही भाकरी खाल्ली’ आणि ‘आम्ही भाकरी खाल्लो’ यांत बोलणाऱ्याचं लिंग आडवं येतच नाही. नपुंसकलिंगी कर्म असेल तर लिहिताना काळजी घ्या. ‘सफरचंद खाल्लं’ हे लेखी वळणानं ‘खाल्ले’ असं उतरवलं की पुन्हा तोच घोळ. तृतीय पुरुषात कर्त्याकडेही बघावं लागतं: ‘त्यानं भाकरी खाल्ली’ की ‘तो भाकरी खाल्ला’. ‘ती’ असेल तर कर्म पुल्लिंगी घ्या, म्हणजे ‘ती आंबा खाल्ली’ हे स्वच्छ ऐकू येतं.

तिसरी चूक विचारण्याची. प्राध्यापक समोर वही घेऊन बसले आणि ‘तुम्ही असं बोलता का’ म्हणाले की माणसं शाळेतलं मराठी आठवून उत्तर देतात. वाक्य वाचून दाखवूच नका. ‘आज सकाळपासून काय काय झालं?’ किंवा ‘मांडे कसे केलेत त्या दिवशी?’ असं विचारलं की भूतकाळातली सकर्मक वाक्यं ओघानं येतात. विचारणारा शक्यतो त्याच गावचा विद्यार्थी असावा, आणि त्यानं प्रश्नात स्वतः ‘केलं’ किंवा ‘केलो’ कमीत कमी वापरावं, नाहीतर ऐकणारा तेच रूप उचलतो.

आकाराचा अंदाज देतो. तीन वयोगट, बाई आणि पुरुष, घरात फक्त मराठी आणि घरात मराठी-कन्नड दोन्ही: असे बारा गट होतात. प्रत्येकात दोन व्यक्ती म्हणजे चोवीस जण. प्रत्येकाकडून अर्धा तास बोलणं आणि त्यातून किमान वीस कामाची वाक्यं म्हणजे ४८० वाक्यं. बारा तासांचं रेकॉर्डिंग उतरवायला तासाला आठ ते दहा तास धरले तर शंभर-सव्वाशे तास लागतात. चार माणसांनी आठवड्याला तीन-तीन तास दिले की साधारण दहा आठवडे. एका सत्रात बसतं. हा हिशेब आधी न केल्यामुळे कितीतरी प्रकल्प कपाटात पडून आहेत.

आणि तुलनेसाठी एक गट कन्नडचा फारसा संबंध नसलेल्यांचा हवाच. कन्नड न येणारी माणसंही तितकंच ‘खाल्लो’ म्हणत असतील तर ‘कन्नडमुळे’ हे कारण एकटं टिकणार नाही.

प्रश्न: आम्ही संगणकशास्त्र विभागात सीमाभागातलं मराठी ओळखणारी बोलणं-ते-लेखन प्रणाली तयार करतो आहोत. मराठी विभागानं लिहून दिलेल्या मजकुरात एकच शब्द तीन तऱ्हांनी येतो. त्यांना सांगितलं तर म्हणतात, ‘दिसायला तर एकच आहे.’
— सहायक प्राध्यापक, बेळगाव

दोघंही बरोबर आहेत. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये एका स्वतंत्र चिन्हानं टंकता येतं, किंवा ‘अ’ला अर्धचंद्र जोडूनही. पडद्यावर सारखंच दिसतं, यंत्राला मात्र दोन वेगळे शब्द मिळतात, आणि नेहमीचं युनिकोड प्रमाणीकरण या दोघांना एक करत नाही. ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ यांतल्या आडव्या र-चं तेच: कुणी ‘ऱ’ला हलन्त देऊन लिहितो, कुणी जुन्या कळफलकाच्या सवयीनं साध्या ‘र्’नंतर अदृश्य जोडचिन्ह टाकतो. अशा जोड्यांची एक तक्ता-फाइल करा, कोणतं रूप ठेवायचं ते मराठी विभागाकडून ठरवून घ्या, आणि मजकूर प्रणालीत जाण्याआधी एकदा त्या चाळणीतून काढा. एका दुपारचं काम आहे.

खरा धोका दुसरीकडे आहे. मराठीचं शिक्षण झालेला माणूस लिहिताना नकळत ‘खाल्लो’चं ‘खाल्ली’ करतो. त्याला ती मदत वाटते. तुमच्या प्रणालीला मात्र ऐकू येतं एक आणि उत्तर सांगितलं जातं दुसरं. म्हणून दोन स्तंभ ठेवा, एक उच्चारलं तसं आणि एक प्रमाण रूपात. पहिल्या स्तंभात कुणीही दुरुस्ती करायची नाही, हा नियम कागदाच्या डोक्यावर छापा.

एक-दशांश मजकूर दोघांनी स्वतंत्रपणे उतरवून ताडून बघा. केवळ टक्केवारीवर विसंबू नका. शंभरपैकी नव्वद ठिकाणी दोघांचं जुळलं हे ऐकायला छान वाटतं, पण एखादी खूण इतकी नेहमीची असेल की डोळे झाकूनही ऐंशी ठिकाणी जुळलंच असतं, तर खरं जुळणं उरलेल्या वीसपैकी दहा, म्हणजे ०.५ इतकंच. संख्याशास्त्रात ‘कोहेन्स कॅपा’ म्हणतात तो हाच हिशेब. तो मराठी विभागाला समजावून सांगा. मग पुन्हा ताडून बघायला त्यांचा विरोध राहत नाही.

शिकवण्याच्या आणि तपासण्याच्या संचात एकच आवाज येऊ देऊ नका. वाटणी वाक्यांची न करता माणसांची करा. नाहीतर प्रणाली त्या माणसाचा आवाज पाठ करते आणि अहवालात आकडा फुगतो.

रेकॉर्डिंगबद्दलही थोडं. दाबलेली फाइल नको, डब्ल्यूएव्ही हवी: ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, एक वाहिनी, तासाला साधारण ३२० एमबी. ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट घेतलं तर ५२० एमबी. विद्यार्थी फाइल व्हॉट्सॲपच्या आवाजी निरोपातून पाठवतात, तिथे ध्वनीचे बारकावे जातात आणि ‘प्रात’ (Praat) या आवाज मोजणाऱ्या संगणक-प्रणालीत स्वरांचं मापन भरवशाचं राहत नाही, पेनड्राइव्हच बरा. माइक तोंडापासून वीतभर, थोडा बाजूला. वडगाव-शहापुरात यंत्रमागाची धडधड भिंतीतूनही येते, तेव्हा माग बंद असण्याची वेळ आधी विचारून ठेवा. खानापूरच्या पावसाळ्यात कौलांवर नाहीतर पत्र्यावर पाऊस कोसळत असताना घरात केलेलं रेकॉर्डिंग बहुतेक फुकट जातं. ते काम पावसाळ्यानंतर ठेवा.

प्रश्न: पाच विभागांचा एकत्र निबंध लिहिला तर पदोन्नतीत मला किती गुण मिळणार? सहकारी उघड बोलत नाहीत, पण अडतं ते इथेच.
— इंग्रजीचे सहायक प्राध्यापक, चिकोडी

उघड बोलावं असाच प्रश्न आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत भाषा आणि मानव्यशाखेत निबंधाला १० गुण, विज्ञान-अभियांत्रिकीकडे ८. दोन लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के, म्हणजे सात-सात. दोनाहून जास्त असतील तर पहिल्या, मुख्य किंवा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला ७० टक्के आणि बाकी प्रत्येकाला ३०. पाच जणांच्या निबंधात एकाला सात आणि चौघांना तीन-तीन. संयुक्त प्रकल्पात मुख्य संशोधक आणि सहसंशोधक यांना निम्मे-निम्मे. तुमच्या विद्यापीठानं ही नियमावली कोणत्या रूपात लागू केली आहे आणि पुढे काही बदल झाला आहे का, ते गुणवत्ता हमी कक्षात विचारून घ्या.

यातून वाट अशी निघते. पाच जणांचा एक मोठा निबंध लिहिण्यापेक्षा एकाच साहित्यावर दोघा-दोघांचे निबंध आखा: मराठी-कन्नड यांचा रचनेवर, मराठी-संगणक यांचा लेखनपद्धतीवर, समाजशास्त्र-इंग्रजी यांचा वय आणि घरच्या भाषेवर. त्याआधी साहित्य कसं गोळा केलं एवढंच सांगणारा एक छोटा निबंध सगळ्यांच्या नावानं, म्हणजे पुढच्या प्रत्येकात ते पुन्हा लिहावं लागत नाही. कोणत्या निबंधात पहिलं नाव कुणाचं, हे पहिलं रेकॉर्डिंग होण्याआधी एका कागदावर लिहून सगळ्यांनी सही करा. निकाल हाती आल्यावर ही वाटणी करायला बसलेले गट मोडतात. शंभर तास बसून बोलणं उतरवणाऱ्या एमएच्या विद्यार्थ्यांचं काय करायचं, हेही त्याच कागदावर यावं. ज्यांनी फक्त टंकलं नाही, खुणा ठरवण्यातही भाग घेतला, त्यांचं नाव लेखकांत हवं. इथे कंजूषपणा करू नये.

प्रश्न: माझा विषय मराठी-कन्नड संपर्काचा. मार्गदर्शक मराठीचे आहेत. कन्नड किंवा संगणक विभागातले सहमार्गदर्शक घेता येतात का?
— संशोधक विद्यार्थिनी, हुक्केरी तालुका

येतात. २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीत त्याच संस्थेतल्या दुसऱ्या विभागाचे किंवा दुसऱ्या संस्थेतले सहमार्गदर्शक घेण्याची सोय आहे. मार्गदर्शकाच्या हाताखाली किती विद्यार्थी, यालाही मर्यादा आहे: प्राध्यापकाला आठ, सहयोगीला सहा, सहायकाला चार. तेव्हा आधी जागा आहे का ते विचारा. मार्गदर्शकांना संकोच असेल तर त्यांना सांगा की २०१८ च्या गुणपद्धतीत पदवी मिळाल्यावर दोघांनाही सात-सात गुण आहेत.

विसरू नये अशी एक गोष्ट: प्रबंधाची भाषा. प्रबंध मराठीत असेल तर कन्नडच्या परीक्षकाला तो वाचता आला पाहिजे. नोंदणीच्या वेळीच भाषा ठरवा, आणि बाहेरच्या दोन परीक्षकांपैकी निदान एक दोन्ही भाषा वाचणारा असावा अशी सूचना मार्गदर्शकांमार्फत लेखी द्या.

प्रश्न: भाषेची पाहणी करायला गावात गेलो की ‘तुमची मातृभाषा कोणती’ या पहिल्याच प्रश्नाला लोक सावध होतात. काही ठिकाणी ‘तुम्ही कुणाकडून आलात’ असं विचारतात.
— भूगोलाचे शिक्षक आणि समाजशास्त्राच्या शिक्षिका, बेळगाव तालुका

लोकांचं चुकत नाही. १९५६ पासून या भागात तो प्रश्न भाषेपुरता राहिलेला नाही, आणि २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. मातृभाषेचे तालुकावार आकडे जनगणनेच्या सी-१६ या तक्त्यात मिळतात, त्यासाठी दारोदार विचारायची गरज नाही. तुम्हाला हवं आहे ते जनगणनेत नाही: कोण, कुणाशी, कुठे, काय बोलतो.

म्हणून पहिला प्रश्न काढून टाका आणि त्या जागी एक कोष्टक आणा. आडव्या ओळींत माणसं आणि जागा: आजी, आई, भावंडं, शेजारी, बाजार, एसटी स्टँड, तलाठी कचेरी, देऊळ किंवा मशीद, दवाखाना, मोबाइलवरचा निरोप. उभ्या रकान्यांत मराठी, कन्नड, उर्दू, कोकणी, हिंदी, इंग्रजी. प्रत्येक ओळीत एकाहून अधिक खुणा चालतील असं तोंडानं सांगा. सांगितलं नाही तर माणसं एकच खूण करतात आणि सीमाभागाचं खरं रूपच हातचं जातं. ‘आजी माझ्याशी’ आणि ‘मी आजीशी’ या वेगळ्या ओळी ठेवा. आजी कन्नडमध्ये बोलते आणि नातू मराठीत उत्तर देतो, अशी घरं इथे कमी नाहीत. तिथेच भाषा कूस बदलताना दिसते.

दोघांनी मिळून जा, एक मराठी बोलणारा आणि एक कन्नड. संमतिपत्र दोन्ही भाषांत, एकाच कागदाच्या दोन बाजूंना, आणि सही कोणत्याही बाजूला चालेल. त्यात चार गोष्टी हव्यात: काय रेकॉर्ड करणार, कुठे ठेवणार, कोण ऐकणार, आणि नंतर ‘पुसा’ म्हटलं तर कुणाला सांगायचं. नाव आणि आवाज वेगळ्या फाइलींत, मध्ये फक्त एक क्रमांक. नकाशा छापताना एकेका घराची भाषा दाखवू नका. वाडी किंवा गावाच्या पातळीवरच थांबा. भूगोलाच्या शिक्षकांना हे जड जाईल, कारण बारीक नकाशा काढता येत असतो. तरीही नको. त्या नकाशाचा उपयोग कोण कशासाठी करील हे आपल्या हातात राहत नाही, आणि ज्यांनी घरात बसवून चहा दिला त्यांना त्याची झळ लागता कामा नये.

प्रश्न: चार वर्षांचं मूल, घरी मराठी, गल्लीत कन्नड, शाळेत इंग्रजी. आमच्याकडे आणतात तेव्हा मराठीच्या शब्दयादीत गुण कमी येतात. भाषाविभागाची मदत कशी घ्यावी?
— वाचा-उपचारतज्ज्ञ, बेळगाव

कान तपासून झाले आहेत असं गृहीत धरतो. एका भाषेच्या यादीवर दोन भाषांचं मूल मोजलं की ते नेहमीच मागे दिसतं. मूल मराठीत वीस गोष्टींची नावं सांगतं, कन्नडमध्ये पंधरा, आणि त्यांतल्या आठ गोष्टी दोन्हींत सारख्या असतील तर त्याला सत्तावीस गोष्टी बोलता येतात. वीस नव्हे आणि पस्तीसही नव्हे. ‘दूध’ विचारल्यावर ‘हालु’ म्हणालं, मांजर दाखवल्यावर ‘बेक्कु’ म्हणालं, तर तिथे शून्य देऊ नये.

मराठी आणि कन्नड विभागांकडून तुम्हाला हवं आहे ते म्हणजे इथल्या मुलांची शब्दयादी. शहरात छापलेल्या यादीतले काही शब्द इथल्या घरात नसतातच. दोन्ही विभागांनी मिळून शंभर चित्रं निवडावीत, प्रत्येक चित्राखाली इथे चालणारे सगळे शब्द दोन्ही लिप्यांत लिहावेत, आणि तुम्ही ती आधी व्यवस्थित बोलणाऱ्या तीस-चाळीस मुलांवर वापरून बघावीत. ज्या चित्रावर त्यांतलीच बरीच अडखळतात ते चित्र काढा. व्याकरणाचंही तसंच: मूल ‘मी भाकरी खाल्लो’ म्हणालं आणि त्याचे आईवडीलही तसंच म्हणत असतील, तर तपासणीच्या कागदावर तो दोष म्हणून लिहू नका. तपासायला बसण्याआधी आईला ‘आज काय काय केलंत’ एवढं विचारून दोन मिनिटं ऐका, म्हणजे मुलाचं बोलणं कशाशी ताडून बघायचं ते कळेल.